हीव आधी, ताप मागून

कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. गंगेचं पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं होतं आणि पुराने मागे ठेवलेला चिकट गाळ पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढायचं काम घाटाघाटांवर चाललं होतं. काशीत दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत माझी आत्या राहते. पेशवाईपासून हा भाग मराठी माणसांचा. नाना फडणवीसांचा वाडा इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. मी आठवडाभरासाठी तिच्याकडे उतरले होते. सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "पंखा बंद कर गं जरा. अंगात कणकण आहे."

बाहेर अजून उकडत होतं. मी पदराने घाम पुसत होते. तिने मात्र आधी शाल घेतली, मग चादर, मग पेटीतली दुलई काढायला सांगितली. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. गुडघे पोटाशी घेऊन, मुटकुळं करून ती पडली होती आणि तिच्याबरोबर खाट थरथरत होती. मी तिचा हात हातात घेतला. तळवा गार, नखं निळसर, दंडावर काटा उभा. थर्मामीटर लावला तर ९९.८. पंधरा मिनिटांनी १०१.४.

"मला हुडहुडी भरलीय आणि तू ताप कसला मोजतेस?" आत्या म्हणाली.

मी पंचवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ताप हा दोन तासांत उरकायचा धडा. पण आत्याचा प्रश्न इतका नेमका होता की त्या रात्री तिच्या उशाशी बसून मी तो धडा मनाशी परत पहिल्यापासून लावला. अंग तापत असताना थंडी का वाजते, हे ज्याला नीट उमगलं त्याला तापाचं निम्मं कोडं सुटलं.

सुरुवात निरोगी अंगापासून करायला हवी. नुसता पडून राहिलेला प्रौढ माणूस साधारण ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी जो पिवळा बल्ब लोंबायचा, साधारण तेवढी. यकृत, मेंदू, हृदय, स्नायू या तिच्या चुली. रक्त ती ऊब सगळीकडे नेतं आणि कातडीतून बाहेर सोडतं. ऊब जास्त झाली तर कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. कमी पडली तर त्या आकसतात आणि माणूस कुडकुडतो. हा सगळा कारभार मेंदूच्या तळाशी असलेला बदामाएवढा भाग पाहतो, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. त्याच्या पुढच्या बाजूला ऊब ओळखणाऱ्या चेतापेशी आहेत. गीझरचा काटा एका आकड्यावर लावून ठेवावा तशी या भागाने शरीराची एक पातळी ठरवलेली असते.

ही पातळी म्हणजे ९८.६, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हा आकडा लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख या डॉक्टरांमुळे रूढ झाला. त्यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून दहा लाखांच्या वर नोंदी जमवल्या आणि १८६८ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांचा थर्मामीटर चांगला वीतभर लांब, आणि पारा स्थिरावायला पाव तास तरी जायचा. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी पाच मिनिटांत आकडा सांगणारा छोटा थर्मामीटर केला आणि मग कुठे तो डॉक्टरांच्या खिशात आला. पण ९८.६ ही सरासरी आहे. पहाटे अंग सगळ्यांत गार असतं आणि संध्याकाळी जवळजवळ एका अंशाने वर चढतं. १९९२ साली अमेरिकेत निरोगी माणसांची नीट मोजणी झाली, तेव्हा नेहमीच्या तापमानाची वरची मर्यादा सकाळी ९८.९ आणि संध्याकाळी ९९.९ निघाली. दिवसभर दगदग करून संध्याकाळी ९९ दिसलं म्हणून घाबरणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ताप नसतो, संध्याकाळ झालेली असते.

आत्याचं तसं नव्हतं.

शरीरात परकं काही शिरलं की त्याची पहिली गाठ पडते ती पहाऱ्यावरच्या पेशींशी. जिवाणूच्या कवचाचा तुकडा, विषाणूचा अंश, हिवतापाच्या परजीवीने तांबडी पेशी फोडली की रक्तात सांडणारा कचरा, अशा खुणा ओळखणारी कुलपं या पेशींच्या अंगावर असतात. कुलपात किल्ली बसली की त्या इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी रसायनं रक्तात सोडतात. हे गावभर फिरणारे दवंडीवाले. रक्तातल्या वस्तू मेंदूत सहजासहजी शिरू नयेत म्हणून मेंदूभोवती एक चिवट गाळणी आहे, पण हायपोथॅलॅमसला अगदी लागून एका ठिकाणी ती विरळ आहे. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत दवंडी पोचली की त्या पेशी कॉक्स-२ नावाचं विकर वापरून एक छोटा रेणू बनवतात. त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन ई-२. तो पलीकडे झिरपतो आणि ऊब ओळखणाऱ्या चेतापेशींना गप्प करतो.

सगळा खेळ इथे फिरतो. 'आता पुरे, अंग पुरेसं गरम आहे' असं सांगणारेच गप्प बसले, तर हायपोथॅलॅमसला कालपर्यंत बरोबर असलेलं अंग आज थंडगार वाटायला लागतं. काटा ९८ वरून १०३ वर सरकतो. आत्याचं अंग त्या वेळी ९९.८ वर होतं, काटा त्याच्या कितीतरी वर. म्हणजे तिच्या शरीराच्या हिशेबाने ती तीन अंशांनी गारठलेली होती, आणि ते खोटं वाटणं नव्हतं. माघातल्या पहाटे पंचगंगा घाटावर बुडी मारून वर आलेल्या माणसाचं शरीर जे जे करतं, तेच तिचं शरीर दुलईत करत होतं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसल्या. म्हणून तळवे गार आणि नखं निळी. नवी ऊब हवी म्हणून स्नायूंना झटके सुरू झाले. कुडकुडणं म्हणजे काहीही काम न करता स्नायूंनी इंधन जाळणं. त्याने उष्णता तीन-चार पट होते. अंगाचं मुटकुळं केल्याने बाहेरच्या हवेला लागणारी कातडी कमी झाली. दंडावरचा काटा ही आपल्या केसाळ पूर्वजांची खूण. त्यांच्या अंगावर केस फुलून उबेचा थर धरला जायचा, आपल्याकडे नुसता काटा उरला. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांमध्ये आणि मानेपाशी तपकिरी चरबी असते, ती जळून ऊब देते.

शाल, चादर आणि दुलई मागणं हाही त्याच यंत्रणेचा भाग. पातळी वर गेली की शरीर आतून जे जमेल ते करतं आणि उरलेलं माणसाकडून करवून घेतं.

शेजारच्या चाची दारातून डोकावल्या आणि त्यांनी विचारलं, "जूड़ी चढ़ी है क्या?" इकडे थंडी वाजून येणाऱ्या तापाला जूड़ी म्हणतात. आपल्या भाषेने याच दुखण्याला हिवताप म्हटलं. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याला प्रोस्टाग्लँडिन ठाऊक नव्हतं, पण त्याने क्रम अचूक पकडला होता. आधी हीव, मग ताप. अंगावर गरम हात ठेवून सुरू होणारं दुखणं हे नव्हे, ते सुरू होतं गार हातांनी.

सात वाजता थर्मामीटरने १०३.४ दाखवलं. कुडकुडणं थांबलं होतं. चेहरा लाल, ओठ कोरडे, नाडी जलद. दुलई तिने लाथेने बाजूला सारली. थंडी नाही आणि घामही नाही, कारण काटा आणि अंग आता एका पातळीवर होते. हाडं मोडल्यासारखी दुखत होती, कपाळ ठणकत होतं. मी मऊ भात पुढे केला तर तिने मान फिरवली. ठणका, ग्लानी, अन्नावरची वासना उडणं, हेही त्या दवंडीवाल्या रसायनांचंच काम. आजारी जनावर कोपरा धरून निजतं आणि खात नाही, तसंच हे.

एवढा खटाटोप शरीर कशासाठी करतं? एक अंश सेल्सियस ताप चढवायला शरीराला दहा-बारा टक्के जादा इंधन जाळावं लागतं. इतकी महाग गोष्ट नुसती चूक असती तर कोट्यवधी वर्षांत ती टिकली नसती, अशी शंका पुष्कळांना होती. तिचा उलगडा एका सरड्याने केला. मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ पासूनच्या दोन-तीन वर्षांत वाळवंटी इग्वानावर प्रयोग केले. सरड्याला आतून ताप चढवता येत नाही. ऊब हवी तर तो उन्हात जाऊन बसतो, नको तर सावलीत सरकतो. एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला थंड अशा पेटीत हे सरडे ठेवले होते. त्यांना जिवाणू टोचले तेव्हा ते आपणहून नेहमीपेक्षा दोनेक अंश सेल्सियस गरम जागी जाऊन बसले. त्यांच्याही मेंदूतला काटा वर सरकला होता, आणि त्यांच्यासाठी दुलई म्हणजे ऊन. मग सरड्यांना ठरावीक तापमानात कोंडून ठेवलं. गारव्यात ठेवलेले जास्त मेले, उबेत ठेवलेले जास्त वाचले. पुढच्या प्रयोगात त्यांना ताप उतरवणारं सॅलिसिलेट दिलं. ज्यांना त्यामुळे ताप येऊ शकला नाही ते सगळे मेले.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. वर्गात सांगताना मी दर वेळी थांबायचे, कारण मागच्या बाकावरचं मूलसुद्धा इथे मान वर करायचं. मासेही आजारी पडले की उबदार पाण्याकडे जातात. मधमाश्यांच्या पोळ्यात अळ्यांना बुरशीची लागण होऊ लागली की माश्या मिळून पोळं तापवतात. एका माशीला नव्हे, सगळ्या घराला ताप येतो.

उबेने शत्रूचं नेमकं काय बिघडतं? सर्दीचा एक नेहमीचा विषाणू नाकातल्या ३३ अंश सेल्सियसच्या गारव्यात जोमाने वाढतो आणि ३७ ला मंदावतो. आपल्या पांढऱ्या पेशी थोड्या उबेत चपळ होतात. शिवाय ताप असताना यकृत हेप्सिडिन नावाचा संप्रेरक सोडून रक्तातलं लोह दडवून ठेवतं, कारण पुष्कळ जिवाणूंना वाढायला लोह लागतं. एके काळी तर डॉक्टरांनी मुद्दाम ताप आणला. व्हिएन्नाचे युलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ साली मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना हिवतापाची लागण करून दिली, तापाच्या काही पाळ्या येऊ दिल्या आणि मग क्विनीनने हिवताप मोडला. १९२७ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. आज कोणी असं करणार नाही, पेनिसिलिन आल्यावर गरजही उरली नाही.

काशीत बसून तापावर लिहायचं आणि इथल्या जुन्या जाणत्यांकडे पाठ फिरवायची, हे बरं दिसणार नाही. जैतपुऱ्यात ज्वरहरेश्वर महादेव आहे. दशाश्वमेधाला लागून शीतलेचा घाट आणि मंदिर आहे. देवी-गोवराच्या तापात होरपळलेल्या लेकरांच्या आयांनी शतकानुशतकं तिला थंड पाणी आणि शिळं अन्न वाहिलं. दारानगरला मृत्युंजय महादेवाच्या आवारात धन्वंतरीची विहीर आहे आणि तिचं पाणी लोक अजून औषध म्हणून पितात. सुश्रुताला शल्यविद्या शिकवणारा दिवोदास धन्वंतरी हा काशीचा राजा, असं सुश्रुतसंहिताच सांगते. चरकाने रोगांचं निदान सांगताना पहिला मान ज्वराला दिला आणि त्याचा जन्म दक्षाच्या यज्ञातल्या रुद्राच्या क्रोधातून झाल्याचं सांगितलं. ती कथा कथा म्हणून बाजूला ठेवली तरी त्यांचं निरीक्षण विलक्षण आहे. ज्वरात अग्नी आपली जागा सोडून सगळ्या अंगभर पसरतो आणि घामाचे मार्ग अडतात, असं ते म्हणतात. घाम अडणं ही त्यांनी ज्वराची खूणच मानली. ताप चढत असताना कातडी कोरडी असते आणि घाम सुटला की ताप उतरतो, हे ज्याने शेकडो आजाऱ्यांजवळ बसून पाहिलं असेल तोच असं लिहू शकतो. अग्नीची जागा त्यांनी पोटात धरली, आज आपण काटा मेंदूत दाखवतो. पण खाटेवरचं दृश्य तेच आहे.

सुरुवातीला जड अन्न नको, पेज द्या, आणि नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा व सुंठ घालून उकळलेलं पाणी निववून पाजा, असा त्यांचा उपचार होता. यातला पाणी पाजण्याचा भाग मला आजही सगळ्यांत मोलाचा वाटतो. तापात श्वासावाटे आणि घामावाटे पाणी भराभर जातं. मी आत्याला भाताची पातळ पेज मीठ घालून चमच्याचमच्याने दिली. उपासमार मात्र करू नये, म्हाताऱ्या माणसाची तर नाहीच.

आठ वाजता मी तिला पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी दिली. ताप कामाचा असेल तर तो उतरवायचा कशाला, असं कोणी विचारेल. आत्या ७४ वर्षांची आहे. तापात हृदयावर आणि फुप्फुसांवर पडणारा जादा भार तरुणाला पेलतो, तिला तो जड जातो. शिवाय दुखण्यातून सुटका हीही औषधाची रास्त बाजू आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अतिदक्षता विभागातल्या सुमारे ७०० तापकऱ्यांना पॅरासिटामॉल किंवा औषधाविना नुसतं द्रावण देऊन पाहिलं होतं. २०१५ साली आलेल्या त्या निकालात औषधाने ना मोठा तोटा झाला, ना मोठा फायदा. म्हणून माझं मत असं आहे की गोळी थर्मामीटरच्या आकड्यासाठी देऊ नये, माणसाच्या हालांसाठी द्यावी. खेळणाऱ्या, पाणी पिणाऱ्या मुलाचा १०१ ताप उतरवायची घाई नको. उलट १०० ताप असून जे मूल मलूल पडलंय, दूध घेत नाही, त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ जरी ताप आला तरी त्याच दिवशी दाखवायलाच हवं.

या गोळ्या करतात काय? १९७० साली मांजराच्या मेंदूतल्या पोकळीत प्रोस्टाग्लँडिन टोचून ताप आणून दाखवला गेला. १९७१ साली जॉन वेन यांनी ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही हे सिद्ध केलं आणि त्यासाठी १९८२ चं नोबेल त्यांना मिळालं. पॅरासिटामॉलही मेंदूत साधारण तेच करतं. रेणू बनायचा थांबला की ऊब ओळखणाऱ्या पेशी परत बोलायला लागतात, काटा खाली येतो, आणि आता शरीराला उलट दिसतं: काटा ९८ वर, अंग १०३ वर. कातडीतल्या वाहिन्या उघडतात, घाम फुटतो. रोगाला मात्र या गोळीचा धक्काही लागत नाही. प्रौढाने २४ तासांत ५०० च्या आठ गोळ्यांच्या वर कधीच जाऊ नये, कारण जादा मात्रा थेट यकृतावर येते. आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं हे लक्षात ठेवावं.

काटा वर असताना बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नये, तेही याच हिशेबाने. बाहेरून गार केलं की शरीर अजून जोराने कुडकुडतं आणि ताप वर ढकलतं. काटा खाली यायला लागल्यावर कोमट पाण्याच्या पट्ट्यांनी बरं वाटतं.

साडेदहाला आत्याच्या कपाळावर पहिले थेंब दिसले. मग मान, पाठ, मग सबंध पोलकं भिजलं. उशीचा अभ्रा दोनदा बदलला. बाराच्या सुमारास ९८.४. गळून गेलेली, पण डोळे स्वच्छ. "पंखा लाव आता," ती म्हणाली.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण या गावात तो जीव वाचवतो. मे-जूनमध्ये काशीत पारा ४५-४६ अंश सेल्सियसवर जातो आणि लू वाहते. लू लागलेल्या माणसाचं अंगही १०४-१०५ होतं, पण तो ताप नव्हे. त्याचा काटा ९८ वरच आहे. ऊब बाहेर टाकायची ताकद संपल्याने अंग उकळतंय. प्रोस्टाग्लँडिनचा इथे संबंध नाही, म्हणून पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही. तो बरळायला लागला, भान हरपलं, की सावलीत नेऊन कपडे सैल करून मिळेल त्या थंड पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. तिथे बर्फसुद्धा चालतो. तापात शरीर स्वतः चढतं आणि सहसा १०६ च्या आत स्वतःच थांबतं. लूमध्ये थांबवणारं कोणी नसतं.

मंगळवारी सकाळी आत्या चहा पीत बसली होती, जणू काही झालंच नव्हतं. "शनिवारीही अशीच कणकण आली होती संध्याकाळी," ती सहज म्हणाली, "म्हटलं, तुला कशाला सांगा."

शनिवार, मग सोमवार. मी तिला तशीच उठवून रक्त तपासायला नेलं. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की ४८ तास वाढतो, आणि मग असंख्य पेशी एकदम फुटतात. प्रत्येक स्फोटाबरोबर तोच कचरा, तीच दवंडी, तेच हीव. १८८६ च्या सुमारास इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी तापाची वेळ आणि पेशी फुटायची वेळ एकच असल्याचं दाखवलं. दोन्ही टोकांचे दिवस मोजले की शनिवारपासून सोमवार तिसरा; म्हणून हिंदीत तिजारी आणि आयुर्वेदात तृतीयक. चौथ्या दिवशी येणारा तो चतुर्थक. या पाळीच्या तापांना ग्रंथांमध्ये विषमज्वर म्हटलंय. आजच्या मराठीत तो शब्द टायफॉईडला गेला, आणि टायफॉईड तर पाळी न घेता दिवसागणिक पायरीपायरीने चढणारा मुदतीचा ताप. जुनं वाचताना ही गल्लत होते.

तापाची चाल अशी बोलते. डेंग्यूत तीन ते सात दिवसांत ताप उतरतो आणि धोक्याचे दिवस नेमके तिथून सुरू होतात. तेव्हा पोटात दुखणं, सतत ओकारी, हिरड्यांतून रक्त याकडे लक्ष हवं, आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नको. बिहारमध्ये आणि उत्तर प्रदेशच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत काळ्या आजाराचा ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, माणूस त्यातच शेतावर जात राहतो आणि पानथरी फुगून पोटात हाताला लागते. त्या आजारावर एकाच मात्रेत काम भागवणारा लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा उपचार २०१० साली सिद्ध करून दाखवला तो इथल्याच काशी हिंदू विद्यापीठाच्या डॉ. श्याम सुंदर यांच्या गटाने. दोन आठवड्यांवर गेलेला कुठलाही ताप नुसत्या गोळ्यांनी झाकत राहणं ही आपल्या घरांत चालणारी सगळ्यांत महागडी चूक आहे, असं मी आता स्पष्टच म्हणते.

संध्याकाळी रिपोर्ट आला: व्हायव्हॅक्स. तीन दिवस क्लोरोक्विन, आणि जीसिक्सपीडी या विकराची तपासणी करून चौदा दिवस प्रायमाक्विन. पहिल्या औषधाने रक्तातले परजीवी मरतात, दुसऱ्याने यकृतात झोपलेले. ते झोपलेले राहिले तर काही महिन्यांनी पुन्हा उठतात. बुधवारी पाचला आत्या घड्याळाकडे बघत बसली होती. थोडी शिरशिरी आली, १००.२ वर थांबली. शुक्रवारी काहीच झालं नाही.

तिसऱ्या दिवसापासूनच ती म्हणायला लागली, "आता बरी आहे की, गोळ्या कशाला?" हिवतापाची औषधं बहुतेक घरांत इथेच सुटतात. तुमच्या घरात कोणाला व्हायव्हॅक्स निघाला तर चौदा दिवस मोजा आणि समोर बसून गोळी घ्यायला लावा. मी रोज सकाळी पुण्याहून फोन केला. शेवटची गोळी आत्याने भाऊबिजेला घेतली, आणि डास होऊ नयेत म्हणून गच्चीवरच्या उघड्या टाकीला त्याच दिवशी झाकण बसलं.